मेक्सिकोचे डायनासोर : दगडापेक्षा कपाटात जास्त काळ अडकलेले

मॉन्टेरेकर (धागाकर्ता)

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षं मुक्काम मॉन्टेरेत आहे. शेजारचं साल्तियो इथून गाडीने तास-सव्वा तासावर. तिथलं 'मुसेओ देल देसिएर्तो', म्हणजे वाळवंटाचं संग्रहालय, हे पाहुणे आले की दाखवायचं आमचं ठरलेलं ठिकाण. पाहुण्यांचा प्रश्नही ठरलेला : "अरे, मेक्सिकोत डायनासोर होते?" उल्का मेक्सिकोत पडली हे झाडून सगळ्यांना माहीत असतं. ती पडायच्या आधी तिथे राहत कोण होतं, हे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

होते, आणि पुष्कळ होते. साल्तियो ज्यात आहे त्या एकट्या कोआविला राज्यातून २००७ पासून दहाएक नवी नावं आली आहेत. वेलाफ्रॉन्स (२००७), कोआविलासेराटॉप्स (२०१०), येवेकाउसेराटॉप्स (२०१७), आकान्थोलिपान (२०१८), त्लातोलोफस (२०२१), कोआविलासॉरस आणि लाबोकानिया अगियोनाए (दोन्ही २०२४), मेक्सिड्राकॉन (२०२५). एवढी नावं वाचून जिभेला गाठ पडली असेल तर सोडून द्या, पुढे एकेकाला भेटूच.

आधी नकाशा. क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिका खंड उभा चिरलेला होता. उत्तर ध्रुवीय समुद्रापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक उथळ समुद्र पसरला होता. त्याच्या पश्चिमेच्या भूभागाला लॅरामिडिया म्हणतात. आल्बर्टा, मॉन्टाना, युटा, न्यू मेक्सिको इथले प्रसिद्ध डायनासोर सगळे या पट्टीवरचे. कोआविला हे तिचं दक्षिणेचं टोक. आज तिथे काटेरी झुडपं आणि धूळ आहे, तेव्हा खाड्या, दलदल आणि त्रिभुज प्रदेश होता. 'सेरो देल पुएब्लो' नावाच्या खडकांच्या थरात हाडांच्या शेजारी शिंपले आणि गोगलगायी सापडतात. वय साधारण ७.२ ते ७.३ कोटी वर्षं. म्हणजे उल्कापाताच्या साठ-सत्तर लाख वर्षं आधीचे हे प्राणी, उल्केच्या नावाने त्यांच्यासाठी रडायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. 'नवा डायनासोर सापडला' अशी बातमी आली की डोळ्यांसमोर टोपी घातलेला माणूस, ब्रश आणि उन्हात चमकणारा जबडा येतो. मेक्सिकोच्या बाबतीत या नव्यांपैकी बरेचसे नवे नाहीतच. ते सापडून दहा, वीस, चाळीस वर्षं झालेली आहेत. खोक्यात होते, कपाटात होते, कधी दुसऱ्याच कोणाच्या नावाखाली प्रदर्शनात होते.

लाबोकानिया अगियोनाए घ्या. हा टायरॅनोसॉर, टी-रेक्सच्या कुळातला, अंदाजे सहा-सव्वासहा मीटर लांब. त्याची हाडं मार्ता कारोलिना अगियोन यांना सापडली २००० साली. नाव मिळालं २०२४ साली, त्यांच्याच आडनावावरून. हेक्टर रिवेरा-सिल्वा आणि निक लाँगरिच यांनी ती हाडं नीट तपासली, तेव्हा लक्षात आलं की हा प्राणी आल्बर्टाच्या आल्बर्टोसॉरसचा किंवा डास्प्लेटोसॉरसचा जवळचा नातलग नाही. त्याची सोयरीक युटा आणि न्यू मेक्सिकोच्या टायरॅनोसॉरांशी लागते. शिवाय बाहा कॅलिफोर्नियात १९७० साली सापडलेल्या आणि १९७४ साली राल्फ मोल्नारने वर्णन केलेल्या लाबोकानिया अनोमाला या प्राण्याशीही लागते. बिचाऱ्या अनोमालाचं कूळ कोणतं, यावर पन्नास वर्षं कोणाचं एकमत नव्हतं. हाडं थोडी आणि कवटीचं हाड अवाजवी जाड, म्हणून नावच 'विचित्र' पडलं आणि पुस्तकांच्या तळटिपेत जाऊन बसलं. कोआविलातल्या भावंडामुळे त्याला अर्ध्या शतकाने घर मिळालं.

दुसरा नमुना बाहा कॅलिफोर्नियाचाच, एल रोसारिओ गावाजवळचा. बदकतोंड्या डायनासोरांमधला एक अतिप्रचंड प्राणी. हार्ली गार्बानी आणि मंडळींनी १९६८ ते १९७४ या काळात तो खणून काढला. १९८१ मध्ये विल्यम मॉरिसने त्याचं नाव ठेवलं लॅम्बिओसॉरस लातिकाउडस, पण पहिल्या शब्दाआधी प्रश्नचिन्ह टाकून! कारण डोक्यावरचा तुरा पुरेसा मिळाला नव्हता. मॉरिसचा लांबीचा अंदाज साडेसोळा मीटर. शेपूट उंच आणि चपटी, एक मांडीचं हाड मोडून पुन्हा जुळलेलं. मॉरिस म्हणाला, एवढं अवजड धूड पाय मोडल्यावर जमिनीवर जगलं नसतं, तेव्हा हा पाण्यात राहणारा असावा. ते प्रश्नचिन्ह ३१ वर्षं तसंच लटकत राहिलं. २०१२ मध्ये प्रिएतो-मार्केस, किआपे आणि जोशी यांनी तो वेगळ्या प्रजातीचा म्हणून माग्नापाउलिया हे नाव दिलं, लांबी साडेबारा मीटरवर आणली आणि जलचर वगैरे काही नाही असं ठरलं. साडेबारा मीटर म्हणजे तरीही या गटातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. नाव कशावरून? ज्या लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात हाडं आहेत, तिथल्या विश्वस्त मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरून, पॉल हागा यांच्यावरून. मेक्सिकोच्या मातीतला सर्वांत मोठा बदकतोंड्या, आणि नाव 'थोरला पॉल'. मला हे पचायला जड जातं, तुमचं तुम्ही बघा.

त्लातोलोफसवर वेगळं लिहितो, तो लाडका आहे.

---

उगाचवाचक

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जोशी कोण ते? आपले का?

---

मॉन्टेरेकर

शंतनू जोशी. त्या शोधनिबंधाचे सहलेखक आहेत, एवढंच मला माहीत. 'आपले' की नाही हे आडनावावरून ठरवायचा मोह आवरा. :)

---

चिंगीची_आई

आमच्या घरी आठ वर्षांची तज्ज्ञ आहे. तिला वाचून दाखवलं, तिने लगेच विचारलं की वेलाफ्रॉन्स छोटा होता की मोठा, तुम्ही त्याच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. उत्तर द्यावं ही विनंती, नाहीतर झोपणार नाही.

---

मॉन्टेरेकर

ताई, तज्ज्ञबाईंना सांगा की वेलाफ्रॉन्सचा जो सांगाडा मिळाला तो पूर्ण वाढ न झालेल्या प्राण्याचा आहे. आणि तरी तो सात-साडेसात मीटर होता! मोठा झाला असता तर नऊ-दहा मीटरपर्यंत गेला असता असा अंदाज आहे. डोक्यावर पंख्यासारखा छोटा तुरा, आतून पोकळ. मोठ्या वेलाफ्रॉन्सचा तुरा किती मोठा होता हे तिने मोठी झाल्यावर शोधून काढावं. जागा रिंकोन कोलोरादो, हेनेराल सेपेदा तालुका, साल्तियोच्या पश्चिमेला.

या जागेबद्दल थोडं. तिथल्या थरांमध्ये एकाच ठिकाणी अनेक प्राण्यांची हाडं ढिगाने मिळतात. वेलाफ्रॉन्सच्या वेळी स्कॉट सॅम्पसन आणि टेरी गेट्स यांच्या गटाने एक शक्यता मांडली होती की आजच्या हरिकेनसारखी वादळं किनाऱ्यावर येऊन कळपच्या कळप मारत असावीत. किनाऱ्याच्या सपाट भूमीवर पळून जायला उंचवटाच नाही. मला हा अंदाज पटतो, पण ढिगाऱ्याची इतर कारणंही असू शकतात. नदीचा पूर हाडं गोळा करून एका वळणावर टाकतोच.

आणि आता तिथे जाता येतं. इनाह, म्हणजे त्यांचं राष्ट्रीय मानववंशशास्त्र आणि इतिहास खातं, यांनी २०१६ मध्ये रिंकोन कोलोरादो जनतेसाठी खुलं केलं. असं खुलं झालेलं देशातलं ते पहिलं जीवाश्मक्षेत्र.

---

हाडवैद्य

धागा रोचक आहे, पण मला थोडं थंड पाणी ओतायचंय. रागावू नका.

तुम्ही 'दहाएक नवी नावं' असं अभिमानाने लिहिलंत. त्यातली किती नावं धड सांगाड्यावर उभी आहेत? कोआविलासॉरस म्हणजे जबड्याचा पुढचा भाग. येवेकाउसेराटॉप्स म्हणजे तुकडे. मेक्सिड्राकॉनही अपुराच. तुम्ही यादीतून सोयीस्करपणे गाळलेला लातिर्हिनस तर क्लासिक केस आहे. २०१२ मध्ये नाव ठेवलं, रुंद नाकाचा बदकतोंड्या म्हणून. २०२१ मध्ये आंखेल रामिरेस-वेलास्को आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक प्राणी नाहीच. धडाची हाडं पोकळ तुऱ्याच्या गटातल्या प्राण्याची, आणि ज्या नाकामुळे नाव पडलं ते नाक वेगळ्याच गटातल्या प्राण्याचं. म्हणजे रुंद नाक एकाचं आणि अंग दुसऱ्याचं!

तुकड्यांवर नाव ठेवायची घाई झाली की असं होतं. बातमीला नाव लागतं, पर्यटन खात्याला नाव लागतं, संग्रहालयाला नाव लागतं. पंचवीस वर्षं खोक्यात पडून राहिलं ते कदाचित शहाण्या लोकांनी 'अजून पुरावा येऊ दे' म्हणून ठेवलं असेल.

---

सदूभाऊ

+१ हाडवैद्य. हल्ली महिन्याला एक नवा डायनासोर निघतो. कोणाकोणाची नावं लक्षात ठेवायची.

---

मॉन्टेरेकर

हाडवैद्य, रागावत नाही, उलट याच भांडणासाठी धागा काढला होता. लातिर्हिनस गाळला नाही, तो तुमच्यासाठी राखून ठेवला होता. :)

तुमचा आक्षेप अर्धा मान्य. तुकड्यांवरची नावं डळमळीत असतात, आणि लातिर्हिनसचं उदाहरण बिनतोड आहे. पण नाव न ठेवणं हा तटस्थ पर्याय आहे असं तुम्ही धरून चाललात, तिथे माझा विरोध. कोआविलासॉरसचंच पाहा. तो जबडा काही 'अजून पुरावा येऊ दे' म्हणून बिननावी ठेवलेला नव्हता. २००६ मध्ये जिम कर्कलंड आणि सहकाऱ्यांनी तो 'क्रिटोसॉरस' म्हणून नोंदवला होता. क्रिटोसॉरस हा न्यू मेक्सिकोचा, बार्नम ब्राउनने १९१० साली नाव दिलेला. म्हणजे आमचा प्राणी इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर भाड्याच्या खोलीत राहत होता. 'हा क्रिटोसॉरसच आहे' हाही एक दावाच असतो की, आणि त्यालाही तेवढाच पुरावा लागतो. फक्त तो जुना दावा असल्यामुळे त्याच्याकडे कोणी पावती मागत नाही.

पुन्हा पाहिल्यावर काय दिसलं? जबड्याच्या पुढच्या भागात, आतल्या बाजूला, दातांसारखे उंचवटे. नेहमीच्या बदकतोंड्यांत असे ठळक दिसत नाहीत. कडक, चिवट वनस्पती फोडायला ते उपयोगी पडत असावेत असं लेखक म्हणतात. दक्षिणेकडच्या उष्ण किनाऱ्यावर ताडवर्गी आणि तत्सम झाडं होती, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नाही. तुकडा लहान असला तरी तो बोलका तुकडा आहे. उलट पायाची अख्खी हाडं मिळाली असती तर त्यावरून काहीही ठरवता आलं नसतं, कारण या कुळात सगळ्यांचे पाय जवळपास सारखे.

आणि याचा परिणाम एका नावापुरता राहत नाही. ती हाडं क्रिटोसॉरसची धरली की चित्र असं दिसतं : न्यू मेक्सिकोपासून कोआविलापर्यंत एकच प्राणी फिरत होता, दक्षिणेला वेगळं असं काही नव्हतंच. ती वेगळी धरली की दिसतं की लॅरामिडियाच्या पट्टीवर दर काही शे किलोमीटरवर वेगळी वस्ती होती. शिंगाळे वेगळे, टायरॅनोसॉर वेगळे, बदकतोंडे वेगळे. हा वाद आल्बर्टा आणि युटाच्या हाडांवर तीसेक वर्षं चाललाय, आणि पट्टीचं दक्षिणेचं टोक कोणी धड मोजलेलंच नव्हतं. टोक कोरं ठेवून मधल्या भागावर कितीही भांडलात तरी उपयोग काय?

---

हाडवैद्य

पावतीचा मुद्दा आवडला. तरी माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. 'दक्षिणी टायरॅनोसॉरांची वेगळी टोळी' हे विधान ज्या प्राण्यांवर उभं आहे त्यातले अर्धे स्वतःच अपुरे आहेत. दोन अपुऱ्यांची एकमेकांशी सोयरीक जुळली की पक्कं कूळ तयार होत नाही. एक चांगली कवटी मिळाली की सगळा वंशवृक्ष हलेल. तोवर मी कुंपणावर.

---

भूगर्भताई

कुंपणावरच बसा, पण हाडं इतकी अपुरी का मिळतात हे कोणी विचारलंच नाही. मेक्सिकोतल्या क्रेटेशियस खडकांचा फार मोठा भाग समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. धागाकर्ते मॉन्टेरेत राहतात म्हणजे त्यांनी ला उआस्तेकाच्या खिंडीतले उभे सरळसोट कडे पाहिलेच असतील. ते सगळं समुद्राचं तळ. त्यात मासे, अमोनाइट, सागरी सरपटणारे मिळतील, जमिनीवरचे प्राणी अपघातानेच. पुएब्ला राज्यातल्या तेपेशीजवळची त्लायुआ खाण बघा, माशांचे इतके सुंदर जीवाश्म, पण डायनासोरांच्या दृष्टीने ठणठणाट.

जमिनीवर साचलेला गाळ मिळतो तो थोड्याच ठिकाणी : कोआविला, चिवावा, सोनोरा, बाहा कॅलिफोर्निया आणि दक्षिणेत मिचोआकानसारखे छोटे तुकडे. त्यातही पुढे डोंगर उभे राहताना थर वाकले, तुटले. आल्बर्टात थर ताटासारखे आडवे पडलेत, नदी कडा कापत जाते आणि हाडं आपण होऊन बाहेर येतात. तुलना करताना हा फरक लक्षात घ्या. उत्तरेत शंभर वर्षं पद्धतशीर शोध झाला, ते निराळंच.

मॉन्टेरेकर, मिचोआकानचा उल्लेख राहिला तुमचा.

---

मॉन्टेरेकर

ताई, नेमकं बोललात. उआस्तेकाच्या कड्यांकडे बघून मीही आधी डायनासोर कुठे दिसतात का ते बघायचो.

मिचोआकानमधला वेवेकानाउत्लस, तिकिचेओ भागातला, २०१२ मध्ये नाव दिलेला. कोआविलाच्या मंडळींपेक्षा एक कोटी वर्षांहून जुना. बदकतोंड्यांच्या खऱ्या कुळाच्या उंबरठ्यावरचा प्राणी, आणि उत्तर अमेरिकेत या गटाचा इतक्या दक्षिणेला नाव देण्याजोगा नमुना दुसरा नव्हता. ना मोठं शिंग, ना तुरा, त्यामुळे त्याची बातमी कधी गाजली नाही. उत्क्रांतीच्या दृष्टीने मला तो त्लातोलोफसपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सोनोरातला तोतोत्लमिमसही तसाच दुर्लक्षित. शहामृगासारखा, २०१६ मध्ये नाव मिळालेला.

शहामृगांवरून आठवलं, मेक्सिड्राकॉन. तोही शहामृगाच्या अंगलटीचा. त्याच्या हाताच्या पंजाची लांब हाडं पायाच्या पंजातल्या हाडांपेक्षाही लांब आहेत! या कुळात सहसा उलटं असतं. एवढ्या लांब हातांनी तो करत काय होता? फांद्या खाली ओढत असेल, पाण्यातलं काही उपसत असेल. मी पहिल्यावर पैज लावीन, पण पैशांची नाही.

---

वरोऱ्याचा

इतका वेळ गप्प वाचत होतो. लातिर्हिनसवरून राहवलं नाही. आमच्याकडची जुनी गोष्ट : लॅमेटासॉरस. मॅटलीने १९२३ मध्ये जबलपूरच्या हाडांवरून वर्णन केलं, पुढे कळलं की त्यात वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं एकत्र झालीत. तेच दुखणं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव. डोंगरगावचा टायटनोसॉर (लांब मानेचा अवाढव्य शाकाहारी) १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी टायटनोसॉरस कोल्बर्टी म्हणून मांडला, २००३ मध्ये तो इसिसॉरस झाला. तोही आधी दुसऱ्याच्या नावावरच होता. गावात जाऊन विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

आणि उल्केबद्दल धागाकर्त्यांनी चेष्टा केली म्हणून सांगतो, चिक्शुलूब, म्हणजे त्या उल्केचं विवर, आणि आपला दख्खनचा काळा पाषाण एकाच काळातले, साधारण ६.६ कोटी वर्षं. डायनासोर कोणी मारले या भांडणात मेक्सिको आणि महाराष्ट्र समोरासमोर उभे असतात. :)

---

उगाचवाचक

म्हणजे गुन्हा दोघांच्या हद्दीत. पंचनामा कोणी करायचा?

---

भूगर्भताई

पंचनामा झालाय, आरोपी क्रमांक एक युकातानमध्ये आहे. सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर. दख्खनच्या लाव्हाने हवामान आधीच अस्थिर केलं होतं का, एवढाच वाद शिल्लक आहे. त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको, नाहीतर दोनशे प्रतिसाद त्यातच जातील.

---

चिंगीची_आई

त्लातोलोफसवर लिहितो म्हणालात, ते राहिलंय. तज्ज्ञबाई तगादा लावून आहेत.

---

मॉन्टेरेकर

घ्या.

हेनेराल सेपेदाच्याच परिसरात, ग्वादालुपे अलामितोस नावाच्या एहिदोमध्ये (गावाची सामूहिक मालकीची शेतजमीन) एक शेपूट उघडी पडली होती. २०१३ मध्ये इनाह आणि उनाम, म्हणजे मेक्सिकोचं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, यांच्या गटाने ती खणली. सुमारे पाच मीटर, पन्नासेक मणके, ओळीने जागच्या जागी. मेक्सिकोत इतकी सलग शेपूट मिळणं हीच मोठी बातमी होती आणि वर्तमानपत्रांनी तेवढ्यावरच समाधान मानलं.

शेपूट काढल्यावर बाकीचा प्राणी मिळेल ही आशा जवळजवळ सोडली होती. तरी त्याच जागी आणखी खाली खणत गेले, तर मांडीचं हाड, खांद्याचं हाड असं एकेक निघायला लागलं. त्यात एक लांबट, थेंबाच्या आकाराचा मोठा तुकडा होता. रामिरेस-वेलास्को यांना आधी तो कमरेच्या हाडांपैकी वाटला. खोदकामात असलेल्या दुसऱ्या एकाने सांगितलं, ही कवटी आहे. तो तुरा निघाला! १.३२ मीटर लांब. कवटीचा जवळपास ८० टक्के भाग मिळाला. हाडवैद्य, ही घ्या तुमची चांगली कवटी, फक्त टायरॅनोसॉरची नाही.

पॅरासॉरोलोफस ठाऊक असेल, डोक्यावर मागे नळीसारखा तुरा असलेला. हा त्याचा नातलग, पण तुरा खाली वळलेला, स्वल्पविरामासारखा. प्राचीन मेक्सिकोच्या चित्रपोथ्यांमध्ये माणूस बोलतोय हे दाखवायला तोंडातून असंच एक वळसेदार चिन्ह निघालेलं काढतात. म्हणून नावात नावात्ल भाषेतला 'शब्द' आणि ग्रीकमधला 'तुरा'. असे तुरे आतून पोकळ असत आणि त्यातून हवा घुमवून प्राणी आवाज काढत असावेत असं मानलं जातं, त्यामुळे नाव चपखल बसलं. नावाचा दुसरा भाग, गॅलोरम, गार्सा आणि लोपेस यांच्यासाठी. एकाने पैशाचं आणि जेवणाखाण्याचं पाहिलं, दुसरं त्या भागातलं कुटुंब, ज्यांनी राहायची सोय केली आणि माणसं दिली. 'थोरला पॉल'च्या शेजारी हे नाव ठेवून बघा.

या गोष्टीतला माझा आवडता भाग तुरा नाही. कोआविलात गावकरी, शाळामास्तर, हौशी लोक हेच खरे शोधणारे आहेत. पाराक्सेनिसॉरस नावाचा प्राणी तर चक्क साल्तियोच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयावरून ओळखला जातो, 'नॉर्मालेन्सिस', कारण तिथल्या संग्रहात ती हाडं आहेत. शोधनिबंध लिहिणारे कमी, दगड ओळखणारे पुष्कळ, म्हणून खोकी साचत गेली. शहाण्यांनी वाट पाहिली म्हणून नव्हे, हाडवैद्य.

---

टेक्सासची_मावशी

मी ह्यूस्टनला असते. इथल्या एका हौशी मंडळात सुट्टीला जीवाश्म गोळा करायला जातो, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने. मेक्सिकोत असं चालतं का? एकदा तिकडे जायचा विचार आहे.

---

मॉन्टेरेकर

मावशी, अजिबात उचलू नका. मेक्सिकोत जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचे. पुरातन वास्तूंचा १९७२ चा कायदा आहे, त्यात १९८६ मध्ये जीवाश्म घातले. जमीन कोणाचीही असो, खणायला इनाहची परवानगी लागते आणि देशाबाहेर नेणं तर गुन्हाच. माग्नापाउलिया लॉस एंजेलिसला गेला तो त्याआधी. कोआविलात कोणी रस्त्यात 'अस्सल डायनासोरचं हाड' विकायला आलं तर हसून पुढे जा.

बघायला मात्र या. संग्रहालयाला अर्धा दिवस द्या, कोआविलासेराटॉप्स तिथे आहे. डोळ्यांवरची शिंगं सव्वा मीटरच्या आसपास असावीत असा अंदाज. शिंगं पूर्ण मिळालेली नाहीत, त्यामुळे 'जगातली सर्वांत लांब' असं पाटीवर वाचलंत तर मीठ लावून घ्या. रिंकोन कोलोरादोला जाताना पाणी आणि टोपी न्या, सावली नाही.

---

सदूभाऊ

पहिला मेक्सिकन डायनासोर कोणता आणि कधीचा? कोणी सांगितलंच नाही.

---

भूगर्भताई

नाव मिळालेला नाही, पण नोंद झालेला : कोआविलातलाच एक शिंगाळा. १९२६ मध्ये बर्लिनच्या वेर्नर यानेन्शने त्याच्यावर लिहिलं. हेच ते आफ्रिकेतल्या तेंदागुरूच्या अजस्र हाडांवर काम करणारे यानेन्श. तेंदागुरूची कीर्ती जगभर झाली, कोआविलाचे तुकडे विसरले गेले. त्यानंतर उत्तर मेक्सिकोत स्थानिक शास्त्रज्ञांनी हाती घेतलेलं मोठं खोदकाम थेट १९८० च्या दशकाच्या शेवटी, रेने एर्नांदेस यांचं. त्या कामातून उभा राहिलेला सांगाडा, 'इसाउरिया', मेक्सिको सिटीच्या भूशास्त्र संग्रहालयात आहे. मधली साठ वर्षं जवळपास रिकामी.

---

हाडवैद्य

साठ वर्षांची पोकळी हे माझ्यासाठी जास्त पटणारं कारण आहे. नावांच्या घाईबद्दलचा आक्षेप मागे घेत नाही, पण खोक्यांबद्दलचा घेतो.

जाता जाता एक प्रश्न. साबिनासचा तो मोठा बदकतोंड्या, कोळसा खाणींच्या भागातला, तो अजून क्रिटोसॉरस म्हणूनच धरला जातो ना? कोआविलासॉरस वेगळा काढल्यावर त्याचं काय?

---

मॉन्टेरेकर

हो, 'साबिनोसाउरिओ' म्हणतात त्याला इथे. साबिनासच्या हौशी जीवाश्मप्रेमींच्या मंडळाने सांभाळलेला. प्रिएतो-मार्केस यांनी २०१४ च्या सुमारास तो क्रिटोसॉरस नावाखाली टाकला. खडक ओल्मोस थरांचे, सेरो देल पुएब्लोपेक्षा वेगळे. दक्षिणेकडचा जबडा क्रिटोसॉरसच्या यादीतून बाहेर पडला असताना यालाही पुन्हा एकदा मोजपट्टी लावायला हवी असं माझं मत. वेगळा निघेलच असं नाही. पण तुम्हीच म्हणालात ना, पुरावा बघायचा, मग जुन्या पावतीचाही बघू. मार्चमध्ये तिकडे जायचं चाललंय, मंडळाचं संग्रहालय उघडं असलं तर फोटो इथेच टाकतो.